वसंत येतो तेव्हा पाणी जातं

फेब्रुवारीच्या मध्यावर पुणे, नाशिक, साताऱ्याकडच्या बागवाल्यांना एकदम हुरूप येतो. पहाटेचा गारठा सरलेला असतो, नर्सरीत पिटुनियाच्या पिशव्या रांगेनं मांडलेल्या असतात, आणि मोबाइलवर इंग्लंड-अमेरिकेतले हसतमुख बागवाले सांगत असतात : लॉन खरवडा, गुलाब छाटा, खत टाका, बी पेरा, वसंत आला. त्यांचं काही चुकत नाही. त्यांच्याकडे तेव्हा गोठलेली जमीन सैल होते, माती ओली असते आणि पुढचे कित्येक महिने मवाळ उन्हाचे असतात. आपल्याकडे उलटं आहे. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते ऑक्टोबरच्या पोटात संपतो. फेब्रुवारी-मार्चात आभाळातून जवळपास काहीच येत नाही, आणि चैत्र लागेपर्यंत पारा पस्तिशी ओलांडून गेलेला असतो. पठारावरच्या बागेचा वसंत हा वाढीचा ऋतू नाही, उन्हाळा सोसायला तयार होण्याचा आहे. बागेतले निम्मे गैरसमज एवढं विसरल्यामुळे होतात. उरलेले निम्मे अस्सल घरगुती आहेत, त्यांचं खापर परदेशी व्हिडिओंवर फोडता येत नाही.

गैरसमज : फेब्रुवारीत गुलाब कडक छाटायचा

थंड देशांत गुलाब हिवाळ्यात झोपतो आणि डोळे फुगायला लागले की छाटतात. आपल्याकडे तो झोपतच नाही. इथली मोठी छाटणी पाऊस उघडल्यावर, दसऱ्याच्या आसपास, ऑक्टोबरात होते. तिथून सहा-सात आठवड्यांनी फुलं सुरू होतात आणि थंडीभर चालतात. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरतं, ते उगाच नाही.

मार्चच्या तोंडावर गुलाब गुडघ्याएवढा कापला तर पानांची सावली जाते, जाड फांद्यांची साल थेट उन्हात भाजते, आणि मग त्या शेंड्याकडून खाली वाळत येतात. आता करायचं ते किरकोळ आहे : सुकलेलं फूल दोन-तीन पानांसकट खुडा, मेलेली काडी जिवंत भागापर्यंत कापा, बास.

गुलाबाबद्दलची दुसरी समजूत इतकी पक्की आहे की माळीबुवाही शपथेवर सांगतात : सात पानांची फांदी रानटी, पाच पानांची खरी. या हिशेबानं कितीतरी चांगल्या फांद्या दरवर्षी कापल्या जातात. सात पर्णिका अनेक लागवडीच्या गुलाबांनाही येतात, विशेषतः वेलगुलाबांना आणि जुन्या जातींना. आणि खुंटाच्या फुटीला पाचही असू शकतात. मोजायचं काहीच नसतं, बघायचं असतं. नर्सरीतला गुलाब रानटी खुंटावर डोळा भरून केलेला असतो. त्या जोडाची गाठ बुडाशी बोटाला लागते. फूट गाठीच्या खालून आली असेल तर ती खुंटाची. ती कापू नका, माती बाजूला करून मुळापासून ओढून काढा. कापलेली पुन्हा दुपटीनं येते.

गैरसमज : बहराच्या तोंडावर झाडाला कात्री लावू नये, पाणी तोडू नये

गुलाबाला नको तेव्हा छाटणारे हात मोगऱ्याला हवं तेव्हा छाटत नाहीत. मोगरा फुलतो तो नव्या फुटीवर. गेल्या वर्षीच्या जून फांद्या तशाच ठेवल्या तर झुडूप मोठं दिसतं आणि कळ्या मोजक्या येतात. म्हणून डिसेंबरात त्याचं पाणी कमी करतात, जानेवारीत फांद्या निम्म्यावर आणतात, उरलेली पानं काढतात, आळं मोकळं करून कुजलेलं शेणखत घालतात आणि मग पाणी सुरू करतात. हे राहून गेलं असेल तर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात नुसते शेंडे छाटले तरी फरक पडतो. बहर थोडा मागे जातो इतकंच.

पाणी तोडण्याला आपल्या शेतकऱ्यांनी केव्हाच नाव दिलंय : ताण. डाळिंब आणि लिंबूवर्गीय फळांचे मृग, हस्त आणि आंबे असे तीन बहार याच ताणावर धरले जातात. शेतात शहाणपण म्हणून ओळखली जाणारी ही गोष्ट गच्चीवरच्या कुंडीत मात्र क्रूरपणा वाटते. कागदी लिंबाला कधी ताण मिळालाच नाही, वर दर पंधरवड्याला नत्राचं खत मिळत राहिलं, तर तो हिरवागार राहतो आणि फुलत नाही. ‘लिंबू येत नाही, कोणतं खत घालू?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा खत नसतं. बोगनवेलीचंही तेच, लाड केले की नुसती पानं. अर्थात झाडाला एकदा फूल लागलं की ताणाची वेळ संपली. फेब्रुवारीत लिंबाला फुलं आलेली असताना माती कोरडी पडू दिली तर ती सगळी गळून पडतील. हे कुंडीतल्या झाडाला जास्त लागू, कारण तिथे ओल खोल नसते.

गैरसमज : लाल माती म्हणजे चांगली माती

नर्सरीतलं प्रत्येक रोप लाल मातीत येतं, म्हणून लोक लाल मातीच मागतात, आणि फेब्रुवारीत ती गोण्यांनी विकली जाते. नर्सरीची सोय वेगळी आहे : ओल्या लाल मातीचा मुळांभोवतीचा गोळा टेम्पोत हिंदकळूनही फुटत नाही. ही माती जांभ्याची. तिच्यात लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं भरपूर, आणि ती घातलेला स्फुरद धरून ठेवतात, मुळांना सहज देत नाहीत. शिवाय नुसती लाल माती कुंडीत भरली की एप्रिलपर्यंत ती विटेसारखी घट्ट होते. निम्मं कंपोस्ट किंवा जुनं शेणखत मिसळल्याशिवाय तिचा उपयोग नाही. अंगणात जमीन असेल तर तिथल्याच काळ्या मातीत सेंद्रिय भर घालणं स्वस्त आणि बरं. काळी माती पाणी धरून ठेवते, आणि आपल्याला उन्हाळ्यात नेमकं तेच हवं.

काळ्या मातीची एक खोड मात्र ओळखून असावी. तिच्यात चुना असतो, ती अल्कधर्मी असते. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. जास्वंद, मोगरा, गुलाब यांची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे दिसलं की घरोघरी दोन उपाय होतात : जास्त पाणी आणि युरिया. दोन्ही चुकीचे, जास्त पाण्यानं तर मुळं गुदमरतात आणि पिवळेपणा वाढतो. इथे हवं असतं हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि तेही पानांवर, कारण चुनखडीच्या मातीत टाकलेलं लोह पुन्हा अडकून बसतं. लिटरला पाच ग्रॅमच्या वर नको, आणि फवारायचं ते ऊन कलल्यावर. फरशीवर थेंब पडले तर तांबूस डाग राहतात, एवढं सांभाळा. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील आणि कोवळी हिरवी असतील तर मामला वेगळा, तो बहुधा नत्राचा. कुठलं पान पिवळं आहे हे न बघता औषध विचारणारे लोक पाहिले की नर्सरीवाल्यांच्या संयमाचं कौतुक वाटतं.

याच मातीत अंड्याची टरफलं टाकण्याची मोठी पद्धत आहे. टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनाच. काळ्या मातीत तो आधीच उदंड, आणि अल्कधर्मी मातीत टरफल विरघळायलाही तयार नसतं. वर्षभरानं कुंडी उपसा, तुकडे ओळखता येतात. चहाचा चोथा चालतो, पण दूध-साखर धुऊन, आणि कंपोस्टच्या डब्यातून. थेट कुंडीत टाकला तर मुंग्या आणि चिलटं येतात. एप्सम सॉल्टची सध्या चलती आहे. ते मॅग्नेशियम सल्फेट आहे, मॅग्नेशियम कमी असलेल्या झाडालाच त्याचा उपयोग होतो, आणि कमी आहे की नाही हे माती तपासल्यावर कळतं. ती कृषी महाविद्यालयाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत तपासून मिळते.

गैरसमज : वाळकी पानं म्हणजे घाण, आणि निष्पर्ण झाड म्हणजे मेलेलं झाड

इंग्रजी गोष्टींतली पानगळ शरदात होते. आपली होते माघ-फाल्गुनात. झाड वाळत नसतं, पाणी वाचवत असतं : पानं नसली की बाष्प जाण्याचे दरवाजेच बंद. पळस, पांगारा, काटेसावर पानं टाकून फुलतात ते याच दिवसांत, टेकडीवर, कुणी घागरभर पाणी न घालता. अंगणातला पांढरा चाफाही असाच हात पसरून उघडा उभा असतो, आणि घरातलं कुणीतरी कळवळून त्याला रोज बादलीभर पाणी घालतं. पानं नसलेल्या चाफ्याला ते पाणी वापरता येत नाही. मांसल खोड बुडाशी सडतं. नखानं साल किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर वाट पाहा.

गळलेल्या पानांचं आपण जे करतो ते जास्त वाईट. सकाळी सोसायटीच्या कोपऱ्यात ढीग पेटतो आणि राख ‘खत म्हणून’ वाफ्यात जाते. जाळल्यावर नत्र धुरातून उडून जातं, उरलेली राख अल्कधर्मी असते, आणि काळ्या मातीचा जो दोष आहे तोच ती वाढवते. शिवाय हा गुन्हा आहे : राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला देशभर बंदी घातली, साध्या प्रकाराला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला. झाडणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, सोसायटीच्या सेक्रेटरीलाही.

खरं तर उन्हाळ्याच्या तयारीतली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे ही गळलेली पानंच, आणि ती नेमक्या वेळेवर फुकट येऊन पडतात. वाफ्यात आणि कुंडीत दोन-तीन इंच पानांचं आच्छादन घाला. माती तापत नाही, ओल टिकते, आणि पावसाळ्यात तीच पानं कुजून मातीत जातात. आच्छादनाविरुद्ध तीन तक्रारी ऐकू येतात. साप येतात, ही पहिली. साप उंदरांच्या मागे येतो आणि उंदीर ढिगात राहतो. दोन इंचांच्या थरात नाही. दुसरी, वाळवी लागते. वाळकं खायला वाळवी येऊ शकते हे खरं, म्हणून खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवायची. त्यानं बुंधाही कुजत नाही. तिसरी, पानं मातीतलं नत्र खातात. यात अर्धं तथ्य आहे. वाळकी पानं मातीत कालवली तर ती कुजवणारे जीवाणू मातीतलं नत्र काही काळ वापरून टाकतात आणि झाडं पिवळी पडतात. वर पसरली तर तसं होत नाही. तेव्हा पसरा, पुरू नका.

गैरसमज : लॉन पिवळं पडलं म्हणजे मेलं

आता लॉनकडे वळू, कारण फेब्रुवारीत सगळ्यात जास्त पैसा आणि पाणी तिथे ओतलं जातं.

पहिली गोष्ट, आपली गवतं उष्ण हवामानाची आहेत. मूळची हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वाच, तिच्यातूनच निवडलेली ‘सिलेक्शन’, आणि नर्सरीत ‘कोरियन’ म्हणून मिळणारं बारीक पात्याचं गवत, ही सगळी थंडीत मंदावतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीचा फिकेपणा रात्रीच्या गारठ्याचा असतो, उपासमारीचा नव्हे. रात्री उबदार झाल्या की ते आपोआप हिरवं व्हायला लागतं. घाईनं टाकलेला युरिया कोरड्या मुळांना भाजतो आणि गोल गोल करपट चट्टे पाडतो.

दुसरी, खरवडणं. दाताळ्यानं मेलेल्या काड्यांचा थर ओरबाडून काढणं हे चांगलं काम आहे, पण गवत जोरात वाढत असताना. आपल्याकडे तो काळ जून-जुलै. मार्चात लॉन ओरबाडलं तर जमीन उघडी पडते आणि ती झाकायला गवताकडे पाणी नसतं. नवं लॉन लावायलाही पहिल्या दोन पावसांनंतरचा मुहूर्त सगळ्यात स्वस्त. आता केलं तर रोज पाणी द्यावं लागेल, नेमकं पाणीकपातीच्या दिवसांत.

तिसरी, कापणी. ‘अगदी बारीक कापून घ्या, म्हणजे महिनाभर बघायला नको’, असं माळ्याला सांगणारे पुष्कळ. पातं जितकं आखूड तितकी मुळं उथळ राहतात आणि माती तितकी तापते. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये, आणि उन्हाळ्यात थंडीपेक्षा उंचच ठेवावं, चार-पाच सेंटीमीटर. पाण्याचंही तसंच : रोज संध्याकाळचा शिडकावा गवताला नाही, माणसाला गारवा देतो. आठवड्यातून दोन-तीनदाच, पण माती चार-सहा इंच भिजेल इतकं द्या. किती भिजली हे खुरपीनं उकरून बघा.

आणि ‘लाल मातीचा थर’. दर वसंतात लॉनवर माती-शेणखताचा बोटभर थर पसरायचा, अशी रीत पडून गेलीय. खड्डे बुजवायला ठीक. पण दरवर्षी केलं की लॉन पायवाटेपेक्षा उंच होत जातं, पाणी वाहून फरशीवर येतं, आणि थर एकमेकांत न मिसळल्यानं मुळं वरच्या थरातच खेळत राहतात. खत अर्धकच्चं असलं तर तणाचं बी वर मोफत.

तणांत राजा लव्हाळा, म्हणजे नागरमोथा. उपटला की गेला, हा शुद्ध भ्रम. त्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या एकीला एक जोडलेल्या असतात. वरची गाठ तुटली की खालच्या झोपलेल्या गाठींना फुटायला परवानगीच मिळते. म्हणून उपटल्यानंतर तो जास्त दाट येतो. मोकळ्या वाफ्यात एक उपाय चालतो आणि तो शेतातल्या उन्हाळी नांगरटीचाच आहे : एप्रिलमध्ये वीतभर खोल खणून गाठी उघड्या करा, पाणी बंद ठेवा, उन्हात वाळू द्या. या गाठी सुकणं सोसत नाहीत. लॉनमधला लव्हाळा मात्र सतत कापून दमवण्याखेरीज सोपा मार्ग नाही.

आता पाण्याचा हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. पाचशे चौरस फुटांचं लॉन म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. भर उन्हाळ्यात ते हिरवंगार ठेवायला दिवसाला पाच मिलिमीटर धरले तरी २३० लिटर होतात. शहरी पाणीपुरवठ्याचं नियोजन माणशी दिवसाला १३५ लिटर धरून केलं जातं. म्हणजे अंगणातलं गवत घरातल्या जवळपास पावणेदोन माणसांचं पाणी पितं, आणि मार्च ते मे मिळून दहा हजार लिटरचे दोन टँकर. टँकर दारात उभा करून ‘हिरवाई जपतो’ म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही, पण आकडा त्यांच्याही समोर असावा.

यावर दुसरा रस्ता आहे, आणि तो धीराचा आहे : लॉनला पिवळं होऊ द्या. हरळी पाणी तुटल्यावर पाती सोडते आणि जीव जमिनीखालच्या काशांमध्ये ठेवते. शेतकऱ्याला हे चांगलं माहीत आहे, तो या काशा वेचून बांधावर टाकतो आणि पहिल्या पावसात त्या बांधावरही फुटतात. शंका आली तर थोडी माती उकरून एक काशी वाकवून बघा. ती पांढुरकी, चिवट असेल तर जिवंत, तपकिरी होऊन कटकन मोडली तर गेली. दोन-तीन आठवड्यांतून एकदा खोल पाणी दिलं की काशा तगतात. अट एकच, त्या दिवसांत त्यावर क्रिकेट नको, खुर्च्या नकोत. कोरियन गवताची मुळं उथळ असतात, ते इतका दम धरत नाही आणि सावरायला जास्त वेळ घेतं. म्हणून ज्यांच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं त्यांनी हे दिसायला देखणं गवत घेण्याआधी दोनदा विचार करावा.

आणखी काही फुटकळ समजुती

कुंडीच्या तळाशी खडीचा थर घातला की निचरा सुधारतो, असं जवळजवळ प्रत्येक जण मानतो. होतं उलटं. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही. माती पूर्ण भरल्यावरच ते खाली सुटतं. म्हणजे खडीच्या वर ओल तुंबून राहते आणि मुळांना जागा कमी मिळते ती वेगळीच. भोकावर एक खापरी पुरे.

दुपारी पाणी घातलं तर थेंब भिंगासारखे होऊन पानं भाजतात, हेही ऐकलेलं असेल. हंगेरीतल्या संशोधकांनी हे तपासलं आणि २०१०मध्ये ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात मांडलं : गुळगुळीत पानावरचा थेंब उन्हात पान भाजू शकत नाही, लव असलेल्या पानावर थेंब अधांतरी अडकला तरच ते शक्य आहे. सकाळी पाणी द्यायचं ते बाष्पीभवन कमी म्हणून. पण दुपारी झाड खरोखर कोमेजलं असेल आणि बोटभर खोल माती कोरडी लागत असेल तर संध्याकाळची वाट बघू नका. फक्त उन्हात पडलेल्या पाइपातलं सुरुवातीचं कढत पाणी बाजूला सोडा. माती ओली असूनही पानं मलूल असतील तर तो उन्हाचा तात्पुरता शीण आहे, ऊन कललं की उतरतो.

शेवटी अळ्या. मार्चात कंपोस्ट उपसताना पांढऱ्या जाड अळ्या निघतात आणि ‘हुमणी, हुमणी’ म्हणून सरसकट चिरडल्या जातात. हुमणी मुळं खाते, हे खरं. पहिल्या वळवानंतर संध्याकाळी कडुनिंबावर आणि बाभळीवर जमणारे भुंगे हे तिचेच आईबाप. पण कंपोस्टमधल्या बहुतेक अळ्या दुसऱ्याच भुंग्यांच्या असतात आणि कुजलेलं खाऊन खत करतात. एक अळी फरशीवर ठेवून बघा. हुमणी इंग्रजी ‘सी’सारखी वळून कुशीवर पडते. उताणी होऊन, पाय वर करून पाठीवर सरपटत निघाली तर ती फुलभुंग्याची. तिला परत कंपोस्टमध्ये टाकून झाकण लावा.